रोहिणीचं ऊन

आमच्या ओझरला बागेचं वय विचारलं, तर वर्षं सांगायची नसतात, दिवस सांगायचे असतात. "तुमची किती दिवसांची झाली?" "छत्तीसची. तुमची?" "आमची आता पन्नाशीला टेकली." परक्या माणसाला वाटावं, घरोघरी तान्ही बाळं आहेत. बाग लावून पंधरा वर्षं झालेली असतात, खोड मनगटाएवढं झालेलं असतं. पण ते वय कोणी धरत नाही. छाटणीचा दिवस तो पहिला दिवस. तिथून मोजायला लागायचं ते माल खुडेपर्यंत, म्हणजे एकशेवीस-तीस दिवस, कधी जास्त. सोयरीक जमली तरी आमच्याकडची माणसं आधी बोटं मोजतात आणि मग म्हणतात, "थिनिंगमधली तारीख काढू नका बरं, घरात कोणी सापडायचं नाही."

ही मोजणी का करावी लागते, तर द्राक्षाला आमच्या मातीत स्वतःचं पंचांग नाही. हे झाड मूळचं थंडीच्या मुलखातलं. आम्ही त्याला वेल म्हणत नाही, झाडच म्हणतो. युरोपात हिवाळा आला की त्याची पानं झडतात, ते झोपतं. वसंतात फुटतं, जूनच्या सुमारास फुलतं आणि पावसाळा संपता संपता आपल्याकडे भादवा असतो तेव्हा तिकडे पिकायला लागतं. झोपवायचं आणि उठवायचं काम थंडी करते. आमच्या निफाड तालुक्यात थंडी पडते, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा दरवर्षी पेपरात येतो. पण ती थंडी काही आठवड्यांची. झाडाला झोप लागेल एवढी ती पुरत नाही. मोकळं सोडलं तर ते बारा महिने पानंच काढत बसेल. म्हणून इथे त्याला झोपेतून उठवणारी वस्तू एकच, कात्री. ती वर्षातून दोनदा चालते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. छाटण्या दोन आणि पीक एक.

१९२५ मध्ये रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी ओझरला द्राक्ष लावलं आणि इथून ते जिल्ह्यात पसरलं, हे आमच्याकडे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. १९६४ मध्ये विमानांचा कारखाना आला आणि गावाच्या नावाला 'मिग' चिकटलं. पण त्याच्या आधी चाळीस वर्षं गावाची ओळख द्राक्षाची होती. सुरुवातीला बिया असलेली भोकरी, साहेबी असली द्राक्षं असत. मग थॉमसन आलं, बिनबियांचं. तास-ए-गणेश, सोनाका ही त्याच घरातली भावंडं.

बांधावरच्या झाडांचं मात्र आपलं आपलं चाललेलं असे. आमच्या बांधाला एक बोर, दोन आंबे, एक जांभूळ, कडुनिंब आणि विहिरीजवळ उंबर. पलीकडे गायरानात पळस आणि एक बहावा. आजीला कॅलेंडर वाचता येत नव्हतं, तिला त्याची गरजही पडली नाही. बोरं संक्रांतीला पिकायची, लहानग्यांच्या बोरन्हाणाला. आंब्याला मोहोर मार्गशीर्ष-पौषात. पळस शिमग्याच्या आधी पेटायचा. पाडव्याला कडुनिंबाची कोवळी पालवी आणि तुरे. वैशाखात बहावा पिवळाधमक व्हायचा, तेव्हा आजी म्हणायची, "आता दीड महिन्यानं पाऊस. गवऱ्या झाका." वराहमिहिराच्या बृहत्संहितेत कुठल्या झाडाला फूल-फळ भरपूर आलं की कुठलं पीक चांगलं येतं, हे सांगणारा एक अख्खा अध्याय आहे, कुसुमलताध्याय. आजीला वराहमिहीर माहीत नव्हता, पण वळण तेच.

पुढे शिकताना कळलं की या वेळा झाडांनी उगाच धरलेल्या नाहीत. जांभळाचं बी वाळलं की मरतं, त्याला साठवण सोसत नाही. म्हणून मृगाच्या तोंडाशी, जमीन ओली होत असताना जांभळं पडतात. निंबोळीचंही तसंच, तिचा दम फार दिवस टिकत नाही. पळस-बहाव्याची फुलं उघड्या फांद्यांवर येतात, पानांआड लपत नाहीत, माश्या-पाखरांना लांबून दिसतात. प्रत्येकाच्या वेळेमागं त्याच्या बीची काळजी आहे. आमच्या थॉमसनला बीच नाही. त्याला कधी फुलावं, कधी पिकावं याची चिंता असायचं कारणच उरलेलं नाही. ती चिंता आम्ही घेतली.

खरड छाटणी बघवत नाही. चैत्राचं ऊन तापत असतं, बाहेर कडुनिंब बहरलेला असतो आणि बागेत मात्र ओलांड्यावर एक-दोन डोळे ठेवून सगळं कापून टाकलेलं. मांडवाची नुसती तार दिसते. लहानपणी मला वाटायचं, झाड मरणार. तात्या म्हणायचे, "मरत नाही. आत्ता त्याचा पोळा हाये, चार दिवस जू उतरवलंय." दहा-पंधरा दिवसांनी त्या खोडातून कोंब निघत. या कोंबांना घड धरायचा नसतो. सहा महिन्यांनी घड देणारी काडी तयार करायची, एवढंच त्यांचं काम.

आणि सगळी गंमत इथेच असते. लोक बाग बघायला येतात ते जानेवारी-फेब्रुवारीत, घड लटकलेले असतात तेव्हा. "काय माल आहे!" म्हणतात. तो माल रोहिणीत ठरलेला असतो. खरड छाटणीनंतर चाळीस-पंचेचाळीस दिवसांपासून साठ दिवसांपर्यंत, कधी थोडं पुढे, काडीच्या प्रत्येक पानाच्या बगलेतल्या डोळ्यात निवाडा होत असतो. डोळा डाळीच्या दाण्याएवढा. त्याच्या आत उघड्या डोळ्यांना न दिसणारा एक उंचवटा येतो. त्याचं पुढे काय होईल हे त्याला तेव्हा ठाऊक नसतं. पानावर ऊन चांगलं पडलं, पाण्याचा थोडा ताण मिळाला, शेंडा आवरला, काडीत अन्न साठलं, तर तो उंचवटा घड होतो. आभाळ आलं, पाऊस लागला, शेंडा पळत सुटला, तर त्याच उंचवट्याची बाळी होते. बाळी म्हणजे ती तारेला विळखा घालणारी कुरळी दोरी. घड आणि बाळी एकाच पोटचे. सेटिंगच्या वेळी आम्ही बायका बाळ्या खुडून पाटीत टाकायचो, तेव्हा मी हातात धरून बघायची. काही बाळ्यांच्या टोकाला दोन-तीन मणी असत. अर्ध्या वाटेवर निवाडा बदलला होता त्यांचा.

म्हणून त्या दिवसांत तात्या पाण्याच्या बाबतीत कडक असत. ओझरला पाण्याची गोष्ट लहान नाही. वाघाड धरणाच्या कालव्याचं पाणी शेपटाकडच्या शेतांना मिळत नव्हतं. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी समाज परिवर्तन केंद्रातर्फे शेतकऱ्यांना एकत्र केलं, पाणी वापर संस्था निघाल्या, बाणगंगेवरच्या बंधाऱ्यांत पाणी अडवलं, तेव्हा कुठे पाळीनं आणि मोजून पाणी मिळायला लागलं. ज्या गावानं पाण्यासाठी एवढं केलं, तिथे वैशाखाच्या उन्हात पाळी आलेली असताना पाणी बागेत कमी सोडायचं, हे बघणाऱ्याला वेडेपण वाटावं. आई म्हणायची, "झाडं सुकून राहिली ना, अहो." तात्या म्हणायचे, "सुकत नाहीत. आत घड बसतोय. त्याला रोहिणीचं ऊन खाऊ द्या."

दसऱ्याच्या आसपास पुढची लगबग. त्याआधी सप्टेंबरात काड्या तपासायला न्यायच्या. बागेच्या चार कोपऱ्यांतून चार-चार काड्या कापायच्या, चिठ्ठी बांधायची आणि प्रयोगशाळेत द्यायच्या. तिथे ब्लेडनं एकेक डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि सांगतात, तुमचा घड चौथ्या डोळ्यावर आहे, सहाव्या-सातव्यावर आहे. त्या हिशेबानं कात्री कुठे मारायची ते ठरतं. एक डोळा अलीकडे कापलं तर घड काडीबरोबर खाली. पूर्वी हे सगळं तात्या काडीच्या जाडीवरून, रंगावरून, डोळ्याच्या फुगीवरून सांगत. मग तेही काड्या द्यायला लागले. "डाक्टरला दाखवून आलेलं बरं," म्हणायचे.

गोडी छाटणी हस्त-चित्रात. पेठ-सुरगाण्याकडच्या टोळ्या येतात, आठ-आठ दहा-दहा माणसांच्या. बागेच्या कडेला पालं पडतात. छाटणीमागे पेस्ट लावणं. रबरी हातमोजे घालून हायड्रोजन सायनामाइडचं बोट डोळ्यावर फिरवायचं. आमच्या मुलखात न पडणारी कडक थंडी त्या बाटलीत भरलेली असते म्हणा. डोळे एकसारखे फुटतात ते तिच्यामुळं. ते काम करणाऱ्यानं त्या दिवसांत दारूला शिवायचं नाही, नाहीतर अंगावर येतं. मुकादम सकाळी तोंडाचा वास घेऊनच माणूस आत सोडायचा.

मग मोजणी सुरू. आठ-दहा दिवसांत डोळा फुटतो, पोंगा दिसतो. पंधरा-अठराव्या दिवशी घड बाहेर. पस्तीस-चाळीसला फुलोरा. द्राक्षाचं फूल बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. हिरवं, राईच्या दाण्याएवढं. त्याच्या पाकळ्या उमलत नाहीत. वरच्या बाजूनं जुळलेल्या असतात, बुडापासून सुटतात आणि टोपीसारख्या गळून पडतात. सकाळी बागेत शिरलं की डोक्यावर, खांद्यावर हिरव्या टोप्या पडतात आणि एक मंद गोडसर वास येतो. हा वास आला की घरात सगळ्यांचे आवाज हळू होत. ते दहा दिवस फार नाजूक. एक पाऊस झाला की गळ, कुज, डाऊनी. दोन दिवस ढग राहिले तरी तात्या रात्री उठून अंगणात यायचे, आभाळ बघायचे.

आमच्या खंडेरावाची यात्रा चंपाषष्ठीची. तोवर चातुर्मासात सोडलेली वांगी घरात येतात, भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो, बारागाड्या ओढतात. यात्रा लवकर आली तर बाग फुलोऱ्यातून नुकती निघालेली असते, उशिरा आली तर मणी हरभऱ्याएवढा झालेला. त्या दिवशी देवाला काय मागायचं, हे बागेच्या दिवसांवर ठरतं. पुढे कडाक्याची थंडी पडली तर मण्याची वाढ थांबते, पिकताना गुलाबी छटा येते आणि व्यापारी तोंड फिरवतो. मग पहाटे बागेत शेकोट्या पेटवायच्या, ठिबक सुरू करायचं, विहिरीच्या कोमट पाण्यानं जमीन ऊबदार ठेवायची. ज्या झाडाला थंडी हवी म्हणून पेस्ट लावली, त्यालाच थंडी लागू नये म्हणून धुनी पेटवायची. आजी हसायची, "लेकरू लाडाचं हाये तुमचं."

तरीही हे चालत होतं, कारण आभाळ साधारण आपल्या वेळेला धरून होतं. अवकाळी यायचा. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं, २०१४ ला फेब्रुवारी-मार्चमध्ये गारा पडल्या, २०१९ ला दिवाळी उलटली तरी पाऊस हटेना. प्रत्येक वेळी तयार माल नाहीतर फुलोरा सापडला. ते नुकसान डोळ्यांना दिसायचं. पंचनामा करायला माणसं आली की त्यांना दाखवता यायचं, हे बघा तडकलेले मणी, ही बघा कुज.

२०२५ चं तसं नव्हतं. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातच अवकाळी लागला तो थांबेना. २६ मे रोजी मोसमी पाऊस मुंबईत पोचला. इतकं लवकर आल्याची नोंद मुंबईत पूर्वी नव्हती. टीव्हीवर आनंदीआनंद. शेजारी सोयाबीनवाले पेरणीची घाई करायला लागले. गायरानातला बहावा फुलाच्या भरात असतानाच भिजून गेला. आमच्याकडे खरड छाटणी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली. बाग बरोबर पंचेचाळीस-पन्नास दिवसांची. बाहेरून बघाल तर इतकी सुंदर बाग कधी दिसली नव्हती. गर्द हिरवी पानं, शेंडे आडवे पळतायत. दादा दर चार दिवसांनी शेंडा मारत होता, पालाश सोडत होता, फवारण्या करत होता. पाणी तोडायचं म्हणाल, तर वरून पडणारं पाणी कोण तोडणार? रोहिणी भिजली, मृग भिजला. पुढेही ऊन धड पडलं नाही, पाऊस ऑक्टोबरपर्यंत रेंगाळला.

सप्टेंबरात काड्या तपासायला दिल्या. मी तेव्हा गावाकडेच होते. दादा संध्याकाळी आला, मोटरसायकल लावली, हातपाय धुतले. वहिनीनं चहा ठेवला. त्यानं कागद तात्यांसमोर ठेवला. तात्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही.

"वाच तू," ते मला म्हणाले.

मी वाचलं. पहिला डोळा नाही. दुसरा नाही. तिसरा नाही. चौथा, बाळी. पाचवा, बाळी. एका काडीत सहाव्या डोळ्यावर घड, तोही 'कमजोर' असं लिहिलेलं. सोळा काड्यांचं वाचून होईस्तोवर चहा निवला.

तात्या म्हणाले, "बाग वांझ गेली म्हणायची."

"पण नुकसान दाखवायचं काय?" दादा म्हणाला. "झाडं हिरवीगार हायेत. आलेला माणूस म्हणेल, तुमचं तर छान चाललंय."

ओझरच्या द्राक्षाला शंभर वर्षं झाली ती याच वर्षी. गावोगाव हेच ऐकू येत होतं. कुणी म्हणे छाटणीच करायची नाही, औषधाचा खर्च तरी वाचेल. कुणी कुऱ्हाडच लावली. आमच्याकडे तीन रात्री बोलणं चाललं. बाग दोन एकर. छाटणी, पेस्ट, औषधं, मजुरी सगळी आधी घालायची असते आणि घड असोत-नसोत, ती तेवढीच लागते. झाड मात्र तसंच सोडून चालत नाही, रोग धरतं. वहिनी शेवटी म्हणाली, "भाऊजी, ताई सगळ्यांसमोर बोलते. एक एकर ठेवू. एक काढू. दोन्ही वाचवायला गेलो तर सोसायटीचं कर्ज पोरांच्या लग्नापर्यंत फिटायचं नाही." वहिनीच्या बोलण्यावर तात्यांनी मान हलवली. त्या मानेत होकार होता.

जुनी बाग काढली. खोडं सरपणाला गेली. मांडवाचे अँगल आणि तारा विकायच्या होत्या, पण घेणारा कोण? सगळ्या गावातच निघत होत्या. राहिलेल्या एकरात सातव्या डोळ्यापर्यंत लांब काडी ठेवून छाटणी केली. दर झाडाला जिथे पंचवीस-तीस घड मोजायची सवय, तिथे पाच-सहा. मी आणि वहिनी थिनिंगला बसलो आणि दुपारीच काम संपलं. टोळीच्या बायकांना अर्ध्या दिवसावर परत पाठवताना वहिनीला बोलणं जड गेलं. त्यांचंही वर्ष याच घडांवर ठरलेलं असतं, पेठ-सुरगाण्याच्या घरात.

बोरीला त्या वर्षी बोरं नेहमीसारखीच आली. संक्रांतीला दादाच्या नातवाचं बोरन्हाण झालं. बांधावरच्या झाडांचंही पुढेमागे होतंय, पण त्यांना एक सोय आहे. एक बहर हुकला तर ती पुढच्या वर्षी बघून घेतात, त्यांच्यावर कर्ज नसतं. आमच्या झाडाचा फुलायचा दिवस आम्ही कॅलेंडरवर ठरवला आणि तो शंभर वर्षं जमवला. कात्रीनं झाड उठवता येतं, पेस्टनं थंडी आणता येते, शेकोटीनं ऊब देता येते. रोहिणीच्या पंधरा दिवसांचं ऊन मात्र कुठल्या बाटलीत मिळत नाही. काही जण आता प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली बागा घेतायत. पाऊस त्यानं अडतो, खर्च एकराला लाखांत जातो. ढग त्यानं हटत नाहीत. दादानं तेही कागदावर मांडून बघितलंय.

यंदा चैत्रात राहिलेल्या एकराची खरड छाटणी पुन्हा झाली. दादानं ती थोडी अलीकडे ओढली, म्हणजे पाऊस लवकर आलाच तर डोळ्यातला निवाडा त्याच्या आधी होऊन जाईल. कोंब निघाले, सात पानांवर शेंडे मारले. आमच्या घरात वैशाखाच्या उन्हाला आजवर सगळ्यांनी शिव्याच दिल्या. पत्र्याचं घर, लोड शेडिंग, अंगाची लाही. परवा दुपारी फोन केला तर वहिनी म्हणाली, "उभं राहवत नाही बाहेर, इतकं तापलंय." आणि मागून तात्यांचा आवाज आला, चांगला ठणठणीत, "तापू दे, तापू दे. चाळीस झाले आज."